शून्य टक्के जोखमीचा जावई

बन्सीधर दुधाटे पंख्याखाली बसत नाहीत. पंखा पडल्याचे त्यांनी कधी पाहिलेले नाही. पण त्याचा हूक कोणी बसवला आणि त्या वेळी त्याचे लक्ष कुठे होते, हे आपल्याला माहीत नसते, असे ते म्हणतात. परभणीच्या उन्हाळ्यात आमच्या सहकारी बँकेतले सगळे जण टेबल ओढून पंख्याखाली घेतात आणि दुधाटे आपले टेबल भिंतीला लावून घाम पुसत बसतात. स्कूटर सुरू करण्याआधी ते ब्रेक दाबून पाहतात, म्हणजे उभ्या स्कूटरचे. येलदरीचे दरवाजे उघडले की लोक मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला जातात. धरण परभणीपासून चांगलेच लांब आहे, तरी दुधाटे त्या दिवशी जिंतूर रोडलासुद्धा फिरकत नाहीत.

त्यामुळे बँकेत जोखीम अधिकारी नेमायचा विषय निघाला तेव्हा संचालक मंडळाला फार विचार करावा लागला नाही. आमचे चेअरमन आप्पाराव म्हणाले, "लय शोधू नका. जो माणूस पंख्याला भितो त्याच्याइतकी जोखीम कुणाला कळायची?" ठराव एकमताने झाला. पदाबरोबर पगारवाढ नव्हती, म्हणून दुसरा उमेदवारही नव्हता. आयुष्य शेअर्स विभागात काढलेले दुधाटे पुण्याला प्रशिक्षणाला गेले आणि एक तक्ता घेऊन परत आले.

तो तक्ता मी हिशेब विभागात बसून वर्षानुवर्षे भरत आलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बँक लोकांच्या ठेवी घेते आणि कर्जे देते. कर्ज बुडाले तर झळ आधी ठेवीदाराला लागू नये, म्हणून बँकेने खाली स्वतःचे काही पैसे ठेवायचे. ते भांडवल. किती ठेवायचे, हे कर्ज किती धोक्याचे यावर ठरते. सरकारी रोख्याला धोक्याचे वजन शून्य. ठेवीवर दिलेल्या कर्जालाही शून्य. घराचे तारण असेल तर साधारण पन्नास टक्के, व्यापाऱ्याला शंभर, आणि काहीही तारण नसलेल्या वैयक्तिक कर्जाला एकशे पंचवीस. अशा वजन केलेल्या शंभर रुपयांमागे बँकेचे स्वतःचे किमान नऊ रुपये हवेत. आमच्यासारख्या बँकेचा आकडा नऊच्या खाली गेला की लाभांश बंद आणि सभासदाला त्याचे शेअरचे पैसे परत देणेही बंद.

तक्ता कर्जांसाठी होता. दुधाट्यांनी तो आठवड्याभरात माणसांना लावला.

"सायब, माजं किती टक्के वो?" चहा देता देता गीताबाईंनी विचारले. गीताबाई आमच्याकडे शिपाई आहेत.

"तारण काय आहे?"

"डोस्क्यावरचा पदर हाय."

"एकशे पंचवीस," दुधाटे गंभीरपणे म्हणाले.

"आन् चेअरमन सायबाचं?"

दुधाट्यांनी दाराकडे बघितले. "संचालकांना तक्त्यात वेगळी सोय आहे," ते म्हणाले.

"ती तर दिसायलीच हाय," असे म्हणून गीताबाई कप गोळा करून गेल्या.

इथवर सगळे हसण्यावारी चालले होते. पण दुधाट्यांना एक मुलगी आहे, प्रियदर्शनी. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली, माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी करणारी. तिच्या वर्गात झरीचा भारत होता. बारा एकर बागायत, दहा म्हशी, हळद. दोघांनी लग्न करायचे ठरवले होते आणि प्रियदर्शनीने ते घरी स्पष्ट सांगितलेही होते. दुधाट्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि भारतला तक्त्यात बसवले. पाऊस, बाजारभाव, वीज आणि म्हशी, चारही गोष्टींवर मालकाचा ताबा नाही. एकशे पंचवीस.

त्याच सुमारास परमेश्वर नावाच्या मुलाचे स्थळ आले. सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक, कायम. दुधाट्यांनी त्याचे नाव ऐकले, पद ऐकले आणि पुढचे काही ऐकलेच नाही. "शून्य," ते मला म्हणाले. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट भेटल्यावर माणूस जसा बोलतो, तसे ते बोलले.

"मुलगा कसा आहे?" मी विचारले.

"सांगितलं ना, शून्य."

मुलाकडच्यांची अपेक्षा एका चारचाकीची होती. हुंडा म्हणायचे नाही, मुलीला सोयीचे पडेल म्हणून गाडी म्हणायचे. दुधाट्यांनी लग्नासाठी पैसे साठवलेले होते. तेही कसे, तर तीन बँकांत विभागून, एकाही बँकेत पाच लाखांच्या वर नाही, कारण ठेवीचा विमा पाच लाखांपर्यंतच असतो. उन्हाळ्यात बैठक घेऊन सुपारी फोडायची असे ठरले. प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, मला तो मुलगा नको आहे." दुधाटे म्हणाले, "तुला अजून वजनं कळत नाहीत."

मग मार्च आला.

मार्चमध्ये आमची बँक ज्या हालचाली करते त्या पाहण्यासारख्या असतात. आकडा नऊच्या थोडा खाली होता. तो वर न्यायला दोन वाटा. एक म्हणजे वजन कमी करायचे. ज्यांना नुसत्या सहीवर कर्ज दिले होते त्यांना फोन गेले की घराचे कागद आणा, बायकोच्या पाटल्या आणा, काहीतरी आणा. कर्जदार तोच, कर्ज तेच, त्याची परत देण्याची इच्छाही तेवढीच, पण रकाना बदलला की धोका निम्मा. दुसरी वाट भांडवल वाढवायची. कर्ज मंजूर करताना त्यातूनच शेअरचे पैसे कापून घ्यायचे. बँकेचाच पैसा काउंटरवरून बाहेर जातो आणि टेबलाखालून भांडवल होऊन परत येतो. ही काही आमची चलाखी नाही, पद्धतच तशी आहे. आम्ही फक्त ती फार मनापासून पाळतो.

एवढे करूनही थोडे कमी पडत होते. आप्पारावांनी कर्मचाऱ्यांची सभा घेतली. "बँक आपली हाय. आपणच शेअर न्हाई घेतले तर लोकांनी काय म्हणून घ्यावे? एप्रिलात परत घ्या. कोण नको म्हणतंय?"

आम्ही सगळे खाली बघत बसलो. दुधाटे उभे राहिले. तिन्ही बँकांतल्या ठेवी मोडून सगळे पैसे शेअरमध्ये घालतो, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या आणि सभा संपल्यावर त्यांना कोपऱ्यात घेतले.

"दुधाटे साहेब, काय केलंत हे? विम्यासाठी तीन बँका धुंडाळणारे तुम्ही!"

"अकाउंटंट साहेब, अभ्यास केलाय मी." त्यांनी खिशातून तक्ता काढला. घडीवर फाटू नये म्हणून तो त्यांनी प्लास्टिकमध्ये घातला होता. "बघा. सोनं आहे, घर आहे, व्यापारी आहे. दुसऱ्या बँकेतल्या ठेवीलासुद्धा वजन आहे, वीस टक्के. आपल्या शेअर भांडवलाला किती आहे?"

"तिथं लिहिलेलंच नाही."

"म्हणजे शून्य!"

मी त्यांना समजावले की भांडवलाला वजन नसते, कारण बुडायची वेळ आली तर सगळ्यात आधी बुडायला तेच उभे केलेले असते. ज्या पैशाच्या जोरावर बाकीच्यांना सुरक्षित म्हणायचे, तोच हा पैसा.

"तक्त्यात दाखवा," दुधाटे म्हणाले.

मला दाखवता आले नाही. तक्ता त्यासाठी नव्हताच. मार्चअखेर आकडा नऊच्या वर गेला, पेढे वाटले गेले आणि दुधाट्यांनी पेढा आधी हुंगून मग खाल्ला.

एप्रिलमध्ये शेअर परत मागायला त्यांनी घाई केली नाही. मार्चमध्ये घेतले आणि एप्रिलमध्ये काढले तर बरे दिसणार नाही, असे त्यांना वाटले. मेमध्ये तपासणी आली. दोन-चार मोठी कर्जे आम्ही चांगली म्हणून दाखवत होतो. तपासणाऱ्या तरुण बाईंनी ती बुडीत धरली. बुडीत म्हटल्यावर त्यांच्यासाठी तरतूद करावी लागते, ती नफ्यातून झाली नाही म्हणून भांडवलातून गेली आणि आकडा आठच्याही खाली उतरला.

दुधाट्यांचा शेअर परत मिळण्याचा अर्ज नेमका त्याच आठवड्यात आला. असा अर्ज अभिप्रायासाठी जोखीम अधिकाऱ्याकडे जातो. गीताबाईंनी तो त्यांच्याकडून घेतला, आवक नोंदवहीत चढवला आणि पुन्हा त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवला.

"घ्या. तुमचंच तुमाला."

दुधाट्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. कोणी दुसरा असता तर त्याने अर्ज खालच्या कप्प्यात टाकला असता, चेअरमनच्या कानाशी लागला असता. दुधाट्यांनी पेन उघडले आणि स्वच्छ अक्षरात लिहिले, की अर्जदाराची अडचण खरी असली तरी भांडवल पर्याप्तता नऊ टक्क्यांहून कमी असल्याने शिफारस करता येत नाही. सही केली, शिक्का मारला. मग अर्जदार म्हणून त्या उत्तराची पोच दिली. इतकी वर्षे नोकरी केली, पण इतके चोख काम मी बँकेत दुसरे पाहिलेले नाही.

पुढच्या रविवारी बैठक होती. मुलीकडून चार माणसे हवीत म्हणून मीही होतो. पोहे झाले, चहा झाला. परमेश्वर मान खाली घालून मोबाइल बघत होता. त्याच्या वडिलांनी सरळ विचारले, "गाडी कोण्या महिन्यात घ्यायलाव?"

"पैसे आहेत," दुधाटे म्हणाले. "कुठं गेलेले नाहीत. फक्त प्रमाण नऊच्या खाली आहे."

"कशाचं प्रमाण?"

दुधाट्यांनी तक्ता काढला. मी मनातल्या मनात डोळे मिटले. त्यांनी वजने सांगितली, भांडवल सांगितले, तरतूद सांगितली. मुलाचे काका जांभई देऊ लागले.

"म्हंजी पैसे तुमचे हायत," परमेश्वरचे वडील म्हणाले, "पर तुमाला भेटत न्हाईत."

"नियमाप्रमाणे सध्या नाही."

"आन् कवा भेटतील?"

"बँक नफ्यात आली की. दोन वर्षं, तीन वर्षं..."

"आन् देऊ नका म्हणून लिहिलं कुणी?"

दुधाटे खोटे बोलत नाहीत. "मीच," ते म्हणाले.

खोलीत कोणीतरी हसले. परमेश्वरचे वडील उठून पायात चपला घालू लागले. "दुधाटे सायब, आमचं पोरगं तुमाला शून्य जोखमीचं वाटलं, लय चांगलं झालं. पर आमाला बी सोयरा बघावा लागतो ना. सोताचेच पैसे सोताला न देणारा माणूस आमी कुठं बसवावा?"

ते गेले. दारात परमेश्वरने एकदाच मोबाइलवरून नजर उचलून प्रियदर्शनीकडे पाहिले. तिने त्याला मनापासून नमस्कार केला.

मी निघणार तेवढ्यात ती वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, भारतला गाडी नको. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे."

"एकशे पंचवीस," दुधाटे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"आणि मार्चमध्ये एकशे पंचवीसवाले कर्जदार असले की तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"काकांना विचारा," तिने माझ्याकडे बोट केले. "कर्जदार हाकलून देता, की त्याचे कागद मागवता?"

दुसऱ्या दिवशी दुधाटे भिंतीजवळच्या टेबलावरून उठून माझ्याकडे आले. चेहऱ्यावर मार्चमधले तेज होते.

"अकाउंटंट साहेब, झरीला पक्कं घर आहे भारतचं. स्वतःचं. म्हणजे पन्नासात बसतो तो."

"बसतो की."

"आणि ऐका तर! त्याचे वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. वारले. आई आहे, छबूबाई. तिला पेन्शन आहे. रेल्वेची! म्हणजे कोण झालं हमीदार?"

"कोण?"

"केंद्र सरकार!" ते जवळजवळ ओरडले. "केंद्राच्या हमीला वजन किती?"

शून्य, हे मला म्हणावे लागले नाही. बारा एकर तेच, म्हशी त्याच, पाऊस तसाच बेभरवशाचा, भारतही होता तोच. रकाना बदलला.

लग्न झरीला भारतच्या अंगणात झाले. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा केला, कारण एका घराकडे सगळा उचलण्याइतके काही शिल्लक नव्हते. आप्पारावांनी भाषणात दुधाट्यांच्या त्यागाचा उल्लेख केला आणि शेअर कधी परत देणार याचा केला नाही. मांडवात मोठे पंखे टांगले होते. दुधाटे त्यांच्यापासून लांब, ताशेवाल्यांच्या मागे उभे राहून अक्षता टाकत होते.

जेवणे चालू असताना त्यांनी छबूबाईंना गाठले. मी वाढप्याला वरण मागत होतो, म्हणून सगळे ऐकू आले.

"विहीणबाई, पेन्शन वेळेवर येते ना?"

"येती की. लय टायमावर येती."

"छान. मुलाला आधार आहे मोठा."

"कुणाला?" छबूबाईंनी पदर सावरला. "इवाई, पेन्शन माजी हाय. म्या हाय तवर. म्या गेले की बंद. आन् तवर बी म्या त्येला एक रुपाया देत न्हाई. त्येनं आपलं आपलं कमवावं की!"

दुधाट्यांचा हात सवयीने खिशातल्या तक्त्याकडे गेला. समोर प्रियदर्शनी आणि भारत एकमेकांना जिलेबी भरवत होते आणि लोक नाव घ्या, नाव घ्या म्हणून ओरडत होते. दुधाट्यांनी तक्ता अर्धा बाहेर काढला, त्या दोघांकडे बघितले आणि तो परत खिशात ठेवून दिला. मग माझ्या शेजारी पंगतीत येऊन बसले. वर पंखा फिरत होता. त्यांनी एकदा वर बघितले आणि वाढप्याला म्हणाले, "मला पण वरण."