पिसांचे बारा चेंडू

सात नोव्हेंबर २०१७ रोजी मी टाकेकाकांना बारा चेंडूंचे नऊ हजार सहाशे दिले. त्यांनी नोटा न मोजताच डब्यात टाकल्या. म्हणाले, "पैसे मोजायला तुम्ही आहात. आता चेंडूही मोजून घ्या."

टाकेकाकांचं दुकान आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत. बॅगा, पट्टे, बूट, चामड्याचं जे काही फाटेल ते तिथे जायचं. समोर वस्तू ठेवली की ते आधी तिचा टाका बघायचे, त्यावरून हे नाव पडलं. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकूंना शिवणयंत्र सोडून बाहेर यावं लागे. चाळीस वर्षं काकांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू सांधल्या. स्वतःची म्हणावी अशी एकही वस्तू विकली नव्हती.

आमच्या गोल्फ मंडळात वर्षातून एकदा 'जुना डाव' असतो. दोनशे वर्षांपूर्वीसारखे लांब कोट, गळ्याशी रुमाल, उंच टोपी आणि लाकडी डोक्याच्या काठ्या. मी तो पोशाख चढवला की बायको विचारायची, "सर्कस कुठल्या मैदानात उतरलीय?" चेंडू मात्र आम्ही आजचेच वापरत होतो आणि आमच्या चिटणिसांना ते खटकायचं. मी मंडळाचा कोषाध्यक्ष. जुन्या पद्धतीचे चेंडू बनवायला काकांचं नाव मीच सुचवलं.

जुन्या चेंडूत पिसं असतात. चामड्याचे तीन ओले तुकडे शिवून उलटायचे आणि छोट्या छिद्रातून टोपीभर उकळलेली पिसं सळईने आत कोंबायची. सळई छातीला टेकवून जोर लावावा लागतो. वाळताना चामडं आकसतं, पिसं फुगतात आणि चेंडू दगडासारखा होतो. काकांचे पहिले नऊ बिघडले. काकू वैतागून गेल्या होत्या.

"चहात पिसं, उशीवर पिसं. आता अंडं घालायचेच तेवढे राहिलेत."

"घालीन," काका म्हणाले, "पण चांगलं गोल घालीन."

जमल्यावर प्रत्येक चेंडूवर त्यांनी तापल्या सुईने तीन बारीक टाक्यांची खूण उमटवली. "सही आहे माझी," म्हणाले. "आणि लोखंडी काठी लांब ठेवा. तिची धार चामडं कापते."

नियमही तोच होता. लोखंडी काठी फक्त वाळूतून किंवा चाकोरीतून चेंडू काढायला वापरायची. त्या वर्षी दुसऱ्या एका क्लबचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार होते. चेंडू दिवसभर टिकले तर ते दोनशे मागवणार होते. हे मी काकांना सांगितलं आणि डाव बघायला या म्हणून बोलावलंही. काका इस्त्रीचा शर्ट घालून टॅक्सीने आले आणि सकाळपासून प्रेक्षकांच्या दोरीजवळ उभे राहिले.

दुपारी मी माझ्याबरोबर खेळणाऱ्या, मंडळातल्या दंतवैद्यांच्या एका फटक्याने मागे होतो. फक्त दोन होल उरले होते. माझा चेंडू झुडपांमागे चांगल्या गवतावर पडला होता, आणि दंतवैद्य पलीकडे स्वतःचा चेंडू शोधत होते. लाकडी काठी सकाळपासून दगा देत होती. मी लोखंडी काढली. धार चेंडूच्या डोक्यावर बसली आणि हवेत पांढरा फुफाटा उडाला. चेंडूचं काय झालं ते बघण्याआधी मी काठी पिशवीत सारली.

दंतवैद्य धावत आले. "काय हो, कोंबडी मारलीत की काय?"

"शिवण उसवली," मी म्हणालो.

मागून पाहुणे अध्यक्ष आले. कोषाध्यक्ष सांगतोय म्हटल्यावर कुणी चेंडू उलटून पाहिला नाही. "हौस म्हणून ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण दोनशे म्हणजे..." आणि ते पुढच्या होलकडे निघाले.

काका जवळ आले. त्यांनी चेंडू घेतला आणि सगळ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"साहेब, शिवण?"

"हो ना काका. एकदम गेली."

"बरं," म्हणाले, आणि चेंडू खिशात ठेवला.

नंतरचे चार महिने मी ऑफिसला पुढच्या रस्त्याने गेलो. बॅगेचा पट्टा तुटला तर त्याला गाठ मारली. बायको म्हणाली, "काकांकडे टाका की." मी वेळ नाही म्हणालो.

मार्चअखेर मंडळाच्या कपाटातलं सामान मोजताना उरलेले अकरा चेंडू हातात आले. दिवसभर फटके खाऊन अकराच्या अकरा घट्ट होते. मी तसाच उठलो आणि दुकानात गेलो. काकू बाहेर आल्या. मी बसलोही नाही.

"काका, तो चेंडू माझ्या लोखंडी काठीने फुटला."

"ठाऊक आहे. दोरा शाबूत होता, चामडं मधोमध कापलं होतं."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"तुम्ही हिशेबातले माणूस. तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार? म्हटलं, तुम्हीच सांगाल. सगळे जाईपर्यंत थांबलो होतो."

"आणि घरी येऊन मला सांगितलं, ऊन लागलं," काकू दारातून म्हणाल्या. "दोन दिवस जेवण नाही."

काका म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

पुढच्या सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं आणि कोषाध्यक्षपद सोडलं. दंतवैद्य हसले, "अहो, खून केल्यासारखे काय उभे राहता? चेंडूच तर होता!" पाहुण्या अध्यक्षांना पत्र पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कारखान्यातून रबर भरलेले चेंडू घेऊन झाले होते, प्रामाणिकपणाबद्दल आभार.

ते उत्तर काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. पिसं कोंबायची सळई काकूंनी खिडकीच्या पडद्याला लावली होती.

"पुन्हा करा ना काका. मी घेतो."

"छातीत दुखतं आता जोर लावला की. राहू द्या."

"मग माझ्याकडून काहीतरी घ्या."

"तुमच्याकडून नको. मंडळाकडे मात्र येणं आहे. मला बोलावलं होतं, तर टॅक्सीचे एकशे दहा त्यांनी द्यावेत. आणि चिठ्ठीवर लिहावं, चेंडू बनवणाऱ्याचं भाडं."

मी अर्ज दिला आहे. नवे कोषाध्यक्ष पावती मागतात. टॅक्सीची पावती नाही. मी माझ्या खिशातले दिले तर काका घेत नाहीत. एकशे दहा अजून द्यायचे आहेत.