आईच्या वडिलांचा कागद

आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात बर्म्यात मेले, असं आमच्या घरात सगळे सांगत. ते पलटणीत भरती होऊन गेले तेव्हा आई पोटात होती. तिने त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांचा एखादा फोटोही नाही. गावातला एक सोबती युद्धावरून परतला, त्याने सांगितलं की आजोबा तिकडे दवाखान्यात होते, पुढचं त्याला माहीत नाही. एवढ्यावरून गावाने ते मेल्याचं ठरवून टाकलं.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि दारव्ह्याला माझ्याजवळ राहते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीने गावातल्या शहिदांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. सरपंचबाई स्वतः घरी आल्या. आजोबांचं नाव सगळ्यात वर घेऊ म्हणाल्या, फक्त ते युद्धात वारले असा एखादा कागद हवा.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "माया बाप कुठी मेला, थे मले एकडाव कागदावर पाहू दे."

मला खरं तर कुठेच जायचं नव्हतं. इतकी वर्षं एसटीने ये-जा करून गुडघे गेले होते. निवृत्तीनंतर काही महिने नुसतं पडून राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पण आई रागावत नाही, ती गप्प होते, आणि तिचं गप्प होणं मला सोसत नाही. म्हणून निघाले.

पहिल्यांदा गावच्या शाळेत गेले. दाखल-खारीजच्या जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं. दुसरीपर्यंत शिकले होते. शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं, 'ढोरं राखतो'. जातीच्या रकान्यात तो शब्द होता, जो आमच्या लोकांनी पुढे धम्म घेताना मागे टाकला. नाव फिकट झालं होतं, तो शब्द मात्र अजून ठसठशीत होता. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मी तो प्याले आणि परत आले.

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. तिथल्या बाबूंना वाटलं, मी कुणाच्या तरी जात पडताळणीसाठी जुना पुरावा शोधते आहे, कारण तिथे येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो. मी म्हटलं, मला एक मृत्यू शोधायचा आहे. त्यांनी गावाची कोतवाल बुकं काढून दिली. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी बोट फिरवत वाचायला मला तीन फेऱ्या लागल्या. पटकीने मेलेली, बाळंतपणात गेलेली, 'ताप' एवढंच लिहिलेली कितीतरी माणसं. आजोबा त्यांत नव्हते. माणूस बर्म्यात मेला तर इथे नोंद कशी असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

कुणीतरी यवतमाळच्या एका जुन्या वाचनालयाचं नाव सुचवलं. तिथे युद्धकाळातल्या साप्ताहिकांचे गठ्ठे बांधून ठेवले होते. पानं इतकी कडक झालेली की उलटताना कोपरे हातात येत. कापसाचा भाव, भरतीच्या जाहिराती, रॉकेलची टंचाई, सभेचे वृत्तांत. दिवसभर वाचून डोळे चुरचुरत आणि संध्याकाळच्या गाडीत उभं राहून परत यावं लागे. चौथ्या वेळी मी वैतागून ठरवलं होतं की आज शेवटचं. आणि त्याच दिवशी, युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यातल्या एका अंकात, शेवटच्या पानावर चार ओळी सापडल्या. लढाईवरून सुखरूप परतलेल्या तालुक्यातल्या शिपायांना कचेरीत चहापान देण्यात आलं, आणि पुढे नावं. पाचवं नाव आजोबांचं होतं. वडिलांचं नाव तेच, गावही तेच. गावात तेव्हा पेपर वाचणारं कुणी नसावं.

मी ते पान किती वेळ पाहत बसले कोण जाणे. आनंद झाला नाही. आता आणखी हिंडावं लागणार, हेच आधी मनात आलं.

माजी सैनिकांच्या कार्यालयात एक निवृत्त हवालदार कामाला होते. त्यांनी आधी सांगितलं, इतकं जुनं काही मिळणार नाही ताई. तरी माझा चेहरा पाहून दोन आठवड्यांनी या म्हणाले. गेले तेव्हा त्यांनी सेवेतून कमी केलेल्या शिपायांचं एक रजिस्टर समोर ठेवलं. आजोबांच्या नावापुढे 'वैद्यकीय कारणाने कमी केले' आणि पत्ता आमच्या गावचा नव्हे, राजूरचा, तालुका वणी. आमचं कुणी कधी राजूरला नव्हतं. घरी परत न येता हा माणूस कोळशाच्या खाणीकडे का गेला असेल, याचं एकच कारण मला सुचलं. दुसरी बाई. आईला काय सांगायचं, याच विचारात मी आठवडाभर वणीला जायचं टाळलं.

शेवटी गेले. वणीच्या कचेरीत राजूरचं कोतवाल बुक पाहायला सबंध दुपार गेली. युद्ध संपून सहाएक वर्षं झाल्यानंतरच्या पानावर ते सापडले. वय तिशीतलं. कारणाच्या रकान्यात 'रक्तपिती', म्हणजे महारोग. आणि खबर देणाऱ्याच्या जागी 'बायको' लिहून नाव. ते नाव माझ्या आजीचं होतं. पुढे तिचं गावही होतं.

मी बाबूंना ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नव्हता.

घरी येऊन दोन दिवस मी आईला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती तूर निवडत बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दरसाल हिवाळ्यात माय मले मावशीपाशी ठेवून वणीकडे कापूस वेचाले जाये. गावात कापूस असून तिकडे काहून जाते, लोक विचारत. मले वाटे, मी तिले नकोशी झाली."

मीही सुपातले खडे वेचू लागले.

"कुकू पुसलं तिनं, तवा मी आठेक वर्षांची होती. बाया हासल्या. म्हणे, इतक्या वर्षांनी हिले आज उमगलं का."

रगतपितीच्या माणसाच्या पोरीला त्या काळी कुणी घरात घेतलं नसतं, विहिरीवर उभं केलं नसतं, मग लग्न तर दूरच. आईचं लग्न झालं, मी जन्मले, शिकले, मास्तरीण झाले. आजी मी सातवीत असताना गेली. आजारपणात मी तिच्या पायाला तेल लावायची. ती कितीतरी गोष्टी सांगायची, ही मात्र एकदाही बोलली नाही.

सरपंचबाईंना काय सांगायचं, असं मी आईला विचारलं. खरं सांग, ती म्हणाली, आता मले कोण नवरा पाहाचा हाये. मी जाऊन सांगितलं. सरपंचबाई म्हणाल्या, शहिदांत नाव घालता येणार नाही, पण लढाईवर गेलेल्यांची वेगळी ओळ करू. मला ते पुरे वाटलं.

मग आईने राजूरला जायचा हट्ट धरला. तिथे काही नाही, हे मी सांगून पाहिलं. दोन गाड्या बदलून आम्ही वणीला पोचलो आणि तिथून ऑटो केला. राजूरला कोळशाचे ट्रक, काळा रस्ता, बंद पडलेली एक चुनाभट्टी. एका म्हाताऱ्याने सांगितलं की महारोग्यांच्या झोपड्या पूर्वी नाल्यापलीकडे होत्या, तिथे आता मुरमाचे ढीग आहेत. आई ऑटोतून उतरली, माझा हात धरून त्या ढिगांकडे पाहत उभी राहिली. हात जोडले नाहीत, रडली नाही. धुळीने तिला खोकला आला तेव्हा आम्ही परत फिरलो.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. मारेगाव मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "एवढ्या दूर माय कशी येत असीन व?"

तेव्हाही काही गाड्या असतील, मी म्हटलं.

"गाडी कुठची तवा," ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली.

मला फार थकवा आला होता. मी डोळे मिटले. यवतमाळ येईपर्यंत ती जागीच होती.