मंदाताईंना वैद्य व्हायचं नव्हतं

मंदाताई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या तक्रार घेऊन. "तुमच्या घरून रोज कापाकापीचा आवाज येऊन राहिला. कोण कोणाले मारून राहिलं, ते तरी सांगा."

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. सरकारी रुग्णालयातून सिस्टर म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आवाज असा की जिन्यात बोलल्या तरी माणूस आपोआप सरळ उभा राही. मी ओशाळून त्यांना संगणकावरचा खेळ दाखवला. त्या माझ्या मागे खुर्ची ओढून बसल्या, पूर्ण लढाई पाहिली आणि उठताना म्हणाल्या, "नितीन, मले बी एक माणूस काढून दे याच्यात."

तो इंटरनेटवर चौघांनी मिळून खेळायचा खेळ होता. सुरुवातीला आपण कोण व्हायचं ते ठरवायचं: योद्धा, धनुर्धर, जादूगार की वैद्य. मग त्याप्रमाणे शस्त्र निवडायचं. प्रत्येक विजयानंतर एक गुण मिळतो, तो कोणत्या कौशल्यावर घालायचा हेही आपणच ठरवायचं. मी धनुर्धर होतो. भिवापूरला शाळेत शिकवणारी पल्लवी जादूगार होती. मौद्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा सुधाकर योद्धा, पण मोठी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो, फक्त हेडफोनमधून आवाज ओळखायचो. गटात वैद्याची जागा रिकामी होती. मला वाटलं, देवानंच सिस्टर पाठवल्या. मी वैद्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ते नाही," मंदाताई म्हणाल्या. "ती कुऱ्हाड दाखव."

दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड घेतली की ढाल घेता येत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही आणि आठवड्याभरात वर आपल्या घरी संगणकही घेतला. एक कौशल्य असं होतं की घाव जबर बसतो, पण आपलंही रक्त जातं. मंदाताईंचे सगळे गुण त्यावर. "जाते तर जाऊ दे, माझंच रक्त आहे न?" असं म्हणत त्या राक्षसाच्या अंगावर धावत. मी लांबून बाण मारत असलो की ओरडत, "काहून लपून राहिला गा? समोर ये!" थोड्याच दिवसांत त्या आमच्यापेक्षा सरस खेळू लागल्या.

तरीही एका राक्षसिणीपाशी आम्ही अडकलो. प्रत्येक रविवारी दुपारी जायचो आणि मार खाऊन यायचो. जखमा भरायला कोणी नाही, तर जिंकणार कसं? पल्लवी आडून आडून सुचवत होती. सुधाकरचा मात्र एक दिवस तोल गेला. "ताई, तुमी नर्स असून आमाले डोळ्यादेखत मरू देऊन राहिल्या. दुसरी कोणी असती तर आतापर्यंत वैद्य झाली असती."

मंदाताईंनी हेडफोन काढून ठेवला. थोड्या वेळानं त्या खाली माझ्याकडे आल्या, पंख्याखाली बसल्या.

"वैद्य झालं का तुमचे चार पट्टे दिसतात न, कोणाचा जीव किती उरला ते?"

"हो."

"ते पट्टे पाहिले का मले वॉर्ड दिसते." साथीच्या दिवसांतलं होतं ते. श्वास देणारं एक यंत्र मोकळं झालं होतं आणि दोन माणसं गुदमरत होती. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, फोन लागेना. "मग मीच ठरवलं. एक जगला. दुसऱ्याची बायको दाराशी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, सिस्टर, यायले काहून नाही लावलं? मले बोलताच नाही आलं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "खेळात तरी मले निवडाले नको लावू. अन् त्या पोट्ट्यायले सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. सुधाकरनं दुसऱ्या दिवशी माफी मागितली, ताईंनी "झालं ते झालं" म्हणून विषय संपवला.

पुढचे दोन-तीन रविवार असेच गेले. मग मे महिन्यातला तो रविवार आला. ताई वर त्यांच्या घरी, मी खाली. लढाई सुरू झाली आणि सुधाकरची ढाल मध्येच थांबली. राक्षसीण त्याला झोडपत होती आणि तो हलत नव्हता.

"सुधाकरभाऊ, झोपले का?" पल्लवी हसली.

तो काहीतरी बोलला. शब्द एकमेकांत चिकटलेले, जिभेवर घास असल्यासारखे. मीही हसलो.

"चूप!" मंदाताई ओरडल्या. "सुधाकर, तुझं पूर्ण नाव सांग."

त्यानं सांगितलं. ते धड कळलं नाही.

"दोन्ही हात वर कर. झाले?"

"डावा... येऊन नाही राहिला, ताई."

"घरात कोण आहे?"

"रेखा... माहेरी."

त्यांचा आवाज एकदम शांत झाला. "नितीन, रुग्णवाहिकेले फोन लाव. अर्धांगवायू आहे, म्हणून सांग. पल्लवी, याचं घर कोणाले ठाऊक आहे?"

कोणालाच नव्हतं. पलीकडचा माणूस फोनवर विचारत होता, मौद्यात कुठे? आणि मला सुधाकरच्या खेळातल्या नावापलीकडे काही माहीत नव्हतं. सुधाकर सांगू पाहत होता, पण नुसता घशातून आवाज येत होता. तेवढ्यात पल्लवी किंचाळली, "थांबा, मी त्यायले मिरची पाठवली होती!" भिवापूरची मिरची, उन्हाळ्याच्या तिखटासाठी, कुरिअरनं. पत्ता तिच्या मोबाईलमध्ये होता. तिनं वाचला, मी फोनवर ओरडून सांगितला.

"आता ऐक बापू," ताई म्हणाल्या. "दाराची कडी लागली आहे का?"

"हो."

"ती काढा लागते. उभा नको राहू. खाली बस अन् सरकत जा. हेडफोन काढ. मी इथंच आहे."

हेडफोन टेबलावर पडल्याचा आवाज आला. मग फक्त त्याच्या कूलरची घरघर. पडद्यावर आम्ही चौघंही मरून पडलो होतो आणि राक्षसीण आमच्यावरून येरझाऱ्या घालत होती. पल्लवी हळू रडत होती. "रडू नको वं, ऐकू दे," ताई पुटपुटल्या. काहीतरी आपटलं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट, आणि पुन्हा नुसता कूलर.

शेवटी माणसांची गडबड ऐकू आली. ताईंनी हाका मारमारून एकाला हेडफोन उचलायला लावला. "मी सिस्टर पराते. पाणी पाजू नका. झटका कवा आला ते मी सांगते, लिहून घ्या. थेट नागपूरले आणा, रस्त्यात कुठंच थांबू नका." मग त्या धडधडत जिना उतरून आल्या आणि मी त्यांना गाडीवर घेऊन रुग्णालयाकडे निघालो. सुधाकरला आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते स्ट्रेचरवर. त्यानं उजव्या हातानं ताईंची साडी धरून ठेवली ती दारापर्यंत सोडली नाही.

तो वेळेवर पोचला म्हणून वाचला. पण डावा हात अधू राहिला, आणि खेळात चालणं-पळणं, ढाल फिरवणं हे सगळं डाव्या हातानंच होतं. दिवाळीच्या सुमारास मंदाताई मला घेऊन मौद्याला गेल्या. रेखानं चहा केला. ताई सुधाकरच्या शेजारी बसल्या आणि सगळ्या शस्त्रांचा, कौशल्यांचा एकेक करून विचार झाला. धनुष्याला धावावं लागतं, जादूला बोटं भराभर चालावी लागतात. एका जागी उभं राहून नुसत्या उजव्या हातानं करता येण्यासारखं एकच काम उरलं.

"वैद्य?" सुधाकरनं ताईंकडे चोरून पाहिलं.

"हो. माऊस धर."

पुढच्या रविवारी आम्ही राक्षसिणीसमोर उभे राहिलो. शेवटी पल्लवी आणि ताई दोघींचे पट्टे लाल झाले आणि सुधाकरपाशी एकदाच औषध देण्याइतकी शक्ती उरली होती. तो नुसता "ताई, ताई" करत राहिला. त्यानं पल्लवीला वाचवलं. मंदाताई कोसळल्या, पल्लवीनं शेवटचा जाळ टाकला आणि राक्षसीण पडली.

"ताई," सुधाकर म्हणाला, "तुमाले काहून नाही दिलं, विचाराल तर मले सांगता येत नाही."

मी वरच्या मजल्याकडे कान लावून बसलो.

"नको सांगू," मंदाताई म्हणाल्या. "एकच होतं तुझ्यापाशी. ते तू देलं न? मग तुझं काही चुकलं नाही गा. कोणी विचारलं, तरी नाही चुकलं."

सुधाकरला ते खेळाचं वाटलं. तो "बरं ताई" म्हणाला. वर खुर्ची सरकली, नळ सुटला. त्या तोंड धूत असाव्यात.