सुदर्शनचे लिसनर

सुदर्शनला कुणाचं नाव कापणं जमत नाही, आणि त्याचा त्याला भारी अभिमान आहे. गंगापूरच्या तात्यासाहेबांचा हा थोरला मुलगा. त्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं छापता छापता नवरानवरीला जागा उरत नाही, कारण एखादा चुलता राहिला तर तो पंगतीत तोंड फिरवून बसतो. एवढी अक्कल घेऊन स्वारी सिडकोतल्या आमच्या ऑफिसात आली आणि कोडमध्येही तीच भावकी चालवू लागली.

त्या दुष्काळात शहर शेंद्र्यापर्यंत पसरलं होतं आणि नळ मागंच राहिले होते. टँकरच्या एका ठेकेदारासाठी आम्ही अ‍ॅप करत होतो. टँकर रिकामा झाला की ड्रायव्हर बटण दाबणार आणि रांगेतली पहिली वस्ती 'पाणी पोचलं' म्हणून बाहेर निघणार. ही रांग म्हणजे अ‍ॅपची स्टेट, त्या घडीला अ‍ॅप जे खरं धरून चालतं ते. बटण दाबल्याचं कळायला पानावर एक लिसनर बसवायचा, म्हणजे कान देऊन बसणारा कोडचा तुकडा. पान मिटलं की तो काढायचा. यात काही मोठी विद्या नाही.

"काढायची ओळ कुठंय?" मी विचारलं.

"बसलेल्याला उठवायची आपल्यात रीत नाही, प्रेरणा मॅडम," सुदर्शन म्हणाला आणि वर हसला.

ठेकेदाराचा मुकादम हनुमान ते पान दिवसभर उघडायचा, मिटायचा. प्रत्येक उघडण्याला नवा लिसनर, आणि जुनेही ठाण मांडून बसलेले. दुपारपर्यंत पाच-सहा जमायचे. मग एक टँकर रिकामा झाला की सगळे एकदम जागे व्हायचे आणि प्रत्येक जण रांगेतून एकेक वस्ती काढून टाकायचा. पाणी एका वस्तीला मिळायचं, हिरवी खूण मात्र पाच-सहा वस्त्यांपुढं लागायची.

वच्छलाबाईची वस्ती त्यातच गेली. मेंढरं विकून बांधकामावर रोजानं जाणारी माणसं, शेंद्र्यापलीकडं माळावर राहिलेली. तिचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

"साहेब, काल बी पाणी नाय, आज बी नाय. घरात वली बाळंतीण हाय माझ्या."

"बाई, पाणी पोचलंय. इथं हिरवं दिसतंय," सुदर्शन म्हणाला.

"तिथं दिसतंय व्हय? मंग तिथलंच पाजू का तिला?"

त्यानं फोन ठेवला. "या लोकांना सवयच असते," म्हणाला. मला त्याच्या थोबाडाकडं बघवेना. मी हनुमानला फोन लावला, तर तो म्हणाला, रांगेत नाव नाही, टँकर कसा सोडू?

दुसऱ्या दिवशी तक्रारी मिटवायला आमच्या ऑफिसच्या मालकांनी सुदर्शनला सांगितलं. संध्याकाळपर्यंत वच्छलाबाईची तक्रार खरंच थांबली. मालकांनी त्याची पाठ थोपटली आणि या गड्यानं लाजायचं सोडून पेढे मागवले.

मी कोड उघडला. लिसनर सगळे जागच्या जागी होते, एकाचंही मन दुखवलेलं नव्हतं. त्यानं फक्त वच्छलाबाईचा नंबर ब्लॉक करून टाकला होता, म्हणजे तिचा फोन आमच्याकडं लागायलाच नको. ज्याला कुणाचं नाव कापवत नव्हतं, त्याचा हात इथं जराही अडला नाही.

काढायची ती ओळ मी लिहिली, हनुमानशी भांडले आणि सकाळी टँकरसोबत माळावर गेले. तिथं चुलीची राख होती आणि उपडी घागर. बाळंतिणीला घेऊन ती माणसं पाणी असेल तिकडं निघून गेली होती.

ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, बटण दाबू का?"