बारा महिन्यांची उन्हाळी

"तुम्हाला क्लॅमिडिया झालाय," सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान खाली घातली.

हा जंतू नवरा-बायकोच्या संबंधातून लागतो, असं त्यांनी सावकाश सांगितलं. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही. तो आतल्या आत बाईच्या ट्यूब, म्हणजे गर्भाशयाच्या नळ्या, खराब करत राहतो. त्या बंद झाल्या की दिवस राहत नाहीत.

दिवस राहत नाहीत म्हणूनच तर मी तिथं गेले होते. सासूबाई दुसरी सून आणायचं बोलत होत्या. माझ्यासमोरच, मी भाकरी थापत असताना.

त्याआधी दोन वर्षं मी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जात होते. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं. आमच्या माण तालुक्यात जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. तिथला डॉक्टरही तेच म्हणायचा. "ऊन फार आहे. पाणी प्या, ताक प्या." बाकावरच्या बायका शाली गुंडाळून कुडकुडत होत्या, तेव्हाही मला उन्हाळीच लागली होती. ताक प्या म्हणायला इतकं शिकावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. मी चौथी शिकले. सासूबाई शाळेत गेल्याच नाहीत, पण औषध त्याही तेच सांगत होत्या.

तपासायच्या टेबलाला पडदा होता. तो कधी ओढला नाही. त्याच्यामागे मोडकी खुर्ची ठेवली होती. पांढरं जातं असं एकदा हळूच म्हणाले, तर "बायकांना असतंच ते," असं मोठ्यानं बोलून त्यानं पुढचीला हाक मारली.

सांगलीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मालक कुठं असतात?" मुंबईला, हमालीला. "येतात कधी, आणि तुमचा त्रास वाढतो कधी?" मी आठवून बघितलं. तो यायचा जत्रेला आणि दिवाळीला. त्रास वाढायचा जत्रेनंतर, दिवाळीनंतर. उन्हाचा त्यात काही संबंध नव्हता. मग त्यांनी पडदा ओढून स्वॅब घेतला, म्हणजे कापसाची काडी आतून फिरवून तपासायला पाठवली. दुखलं नाही.

जंतू सापडल्यावर दोघांनाही सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोघांच्या संपेपर्यंत जवळ यायचं नाही, नाहीतर पुन्हा लागण होईल, असं बजावलं.

नवरा फोनवर हसला. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी."

दिवाळीला तो आला. मी त्याच्या गोळ्या ताटाशेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "ह्या संपल्याशिवाय खोलीत यायचं न्हाई." लग्न झाल्यापासून इतकं मी त्याच्याशी बोलले नव्हते.

"आईला सांगू का, बायकू अशी बोलतीया म्हणून?"

"सांगा की. गोळ्या कशाच्या हाईत, त्ये बी सांगा."

त्यानं दाराकडं बघितलं आणि गोळी गिळली. पाठीवर पोती वाहणारा माणूस एवढीशी गोळी गिळताना घामाघूम झाला. सात दिवस ओसरीवर झोपला आणि आईला सांगितलं, पाठ धरलीय. हे दुखणं कुठून आणलं, ते मी विचारलं नाही. खरं तो सांगणार नव्हता आणि खोटं ऐकायची मला हौस नव्हती.

तीन महिन्यांनी परत तपासलं, जंतू गेला होता. नळ्यांत औषध सोडून फोटो काढला. एक बंद, एक उघडी. "एकही पुरते," बाई म्हणाल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या सुनेचं बोलणं नवऱ्यानंच बंद केलं. माझ्यावरच्या मायेनं नाही, मी तोंड उघडेन म्हणून.

बायांनो, ताक चांगलं असतं. भाकरीबरोबर.

मागच्या महिन्यात माझी नवी चुलत जाऊ त्याच आरोग्य केंद्रात गेली. एकटीला लाज वाटते म्हणून मी सोबत होते. तिला जळजळ. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "उन्हाळी आहे. ताक प्या."

मी पुढं झाले. "डॉक्टर, हिचा नवरा कुठं असतो, कवा येतो, त्ये इचारा की."

त्यानं मान वर केली. "तुम्ही कोण?"

"दोन वर्षं हितलं ताक पिलेली बाई."

बाकावरच्या बायका हसल्या. तो हसला नाही. त्यानं नर्सला पडद्यामागची मोडकी खुर्ची काढून पडदा ओढायला सांगितलं.