ट्रंक मालाडला, किल्ली खुंटीवर

कौसे, माझे धाकटे बहिणी, मी लग्न होऊन मुंबईला निघाले तो दिवस आठवतो ना? एसटी हलली तरी आई बाजूने चालत सांगत होती, "सामानावर नजर ठेव गं." मी इतकी शहाणी, की ट्रंकेला कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या घरच्या खुंटीवर ठेवून आले. चोराने ट्रंक नेली तरी उघडणार कशी? मालाडच्या खोलीत पोचल्यावर कळलं, मलाही उघडता येत नाही. आमचे हे कुलूप तोडायला उठले, तर मी ट्रंकेवरच बसले. कुलूप तुटलं की गावाला परत जाणं संपलं, असं त्या बावळट पोरीच्या डोक्यात. गावचं कुणी त्यातली एक किल्ली घेऊन येईपर्यंत महाराणी सासूबाईंच्या लुगड्यात वावरत होत्या.

आता आम्ही बोरीवलीला. नात प्रज्ञा घरूनच काम करते. तिच्या लॅपटॉपमध्ये म्हणे काहीच नसतं. ऑफिसचा कॉम्प्युटर दूर कुठेतरी, इथे नुसता त्याचा पडदा दिसतो. ऑफिसने दिलेल्या मोबाइलवर नंबर येतो, तो घातला की उघडतं. मी म्हटलं, माझं जन्मभर हेच चाललंय. बसते इथे, दिसतं आपलं अंगण.

म्हणून तर तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आम्हाला येता आलं. मला एकटीला कुणी सोडेना, तिला इतक्या दिवसांची रजा मिळेना. ऑफिसच बरोबर आणते म्हणाली. तुझ्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि पोरीचा चेहरा उतरला. ऑफिसचा मोबाइल बोरीवलीत, चार्जिंगला. तिचे पप्पा तिथून फोनवर म्हणाले, मी नंबर वाचून दाखवतो. "नाही पप्पा, तो घरच्यांनाही सांगायचा नसतो." मग हळूच मला म्हणाली, "आजी, उद्या परत जावं लागेल." तुझ्या डोळ्यावर पट्टी, तरी माझा हात बरोबर शोधून घट्ट धरलास.

मी म्हटलं, "रडू नको गं. आपल्या घराण्यात किल्ली मागाहूनच येते."

तिने साहेबांना खरं सांगून एका दिवसाची रजा घेतली. गावाकडे येणाऱ्या एकाच्या हाती मोबाइल आला, आणि ऑफिस तुझ्या ओट्यावर उघडलं.

निघताना तू खुंटीवरची उरलेली गंजकी किल्ली माझ्या हातावर ठेवलीस. "ने बाई, तुझी आहे." ट्रंक कधीच भंगारात गेली. मी किल्ली परत अडकवली. असू दे तिथंच, कौसे. बोरीवलीच्या घरात मला माझा चष्मा सापडत नाही. ती खुंटी मात्र डोळे मिटूनही सापडते.