भिंतीऐवजी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते मावशीचे. तालुक्याच्या शाळेतून बारावी होऊन मी मुंबईत आलो, तेव्हा घाटकोपरच्या टेकडीवरच्या आपल्या एका खोलीतला पोटमाळा तिने मला दिला. लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिने मला पदवीपर्यंत नेले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

आता मी अंधेरीच्या एका संशोधन कंपनीत आहे. शहरातल्या नाल्यांसाठी, रस्त्यांसाठी कर्ज द्यायचे तर पैसा कुठे लावला म्हणजे टिकेल, हे आम्ही कर्ज देणाऱ्या संस्थांना अभ्यासून सांगतो. मध्यंतरी मावशीचीच टेकडी आमच्याकडे अभ्यासासाठी आली. वस्तीची मागणी एकच होती, वरच्या उताराला संरक्षक भिंत.

पाहणीत दिसले की उतारात पाणी मुरते आहे, माती सुटते आहे. भिंत बांधली तरी ती एक दिवस मातीसकट खालच्या घरांवर येईल. तोच पैसा लोकांना सुरक्षित जागी घरे देण्यासाठी वापरावा, असे उत्तर निघत होते. माझी मावशी तिथेच राहते, हे मी आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगितले. त्यांनी सगळे गणित दुसऱ्या सहकाऱ्याकडून पुन्हा करून घेतले. त्याचे उत्तर वेगळे यावे असे मला मनापासून वाटत होते. तेच आले.

"कर्ज देणारे निर्णय घेईपर्यंत बाहेर एक शब्द नाही," मॅडम म्हणाल्या.

नोकरी लागल्यापासून मी बोरीवलीला भाड्याने राहतो, पण रविवारचे जेवण मावशीकडेच. न जाण्याला कारण सापडेना, आणि गेलो की गल्लीतून सुटका नसे.

"काय रे साहेब, भिंत कधी?" शेजारची काकू दारातच अडवायची. "आता तर तुझंच राज्य."

"त्याला जेवू दे गं," मावशी म्हणायची. "भिंत काय खिशात घालून आणलीय त्याने?" आणि लगेच, गल्लीला ऐकू जाईल असे, "पण येणार. कागद आमच्या पोराच्याच हापिसात आहे."

मी मान खाली घालून जेवत असे. काकूने खास माझ्यासाठी पाठवलेली सुकटीची चटणी मी ताटात तशीच ठेवत असे.

शेवटी कर्ज देणाऱ्यांनी आमचा अहवाल स्वीकारला. मावशी फोनवर मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र लिहिले.

"मावशीस जयभीम.

भिंत होणार नाही. ती आपल्याच अंगावर आली असती, म्हणून नको असं मीही लिहिलंय. पैसे घरांसाठी मिळतील, पण घरं कुठे, ते अजून ठरलेलं नाही. जवळच द्या, लोकांची कामं इथे आहेत, हे आम्ही अहवालात घातलंय. ते ऐकतीलच असं मी तुला सांगू शकत नाही.

तू गल्लीत माझ्या वतीने शब्द दिलास, तो मी मोडला. तू कुणाला उत्तरं देत बसू नकोस. रविवारी येऊन मी स्वतः सांगतो. माझं तोंड बघायचं नसेल तर दार लावून घे, मी बाहेर उभा राहून बोलेन. पण पावसाळ्याआधी तू तिथून नीघ. माझी खोली लहान आहे, पण सपाट जमिनीवर आहे."